राजनामाचे वाचन आणि नावाचे अमरत्व

माणूस मरतो तेव्हा त्याचे नावही मरते काय, आणि मरत नसेल तर मागे उरलेल्या नावात त्या माणसाचे काही उरते काय, हा प्रश्न धर्मविचाराइतकाच जुना आहे. प्राचीन इजिप्तने त्याला निःसंदिग्ध होकार दिला आणि तो होकार तीन हजार वर्षे दगडात कोरला. भारतीय परंपरेने मात्र एका श्वासात होकार आणि दुसऱ्या श्वासात नकार दिला, आणि पुढे भक्तिमार्गाने प्रश्नाचे तोंडच फिरवले. या उत्तरांची तुलना करण्यास दख्खनच्या पठारावर एक सोयीची जागा आहे. धाराशिव जिल्ह्यातील वाशी हे बालाघाटच्या डोंगररांगांमधील तालुक्याचे गाव. याच तालुक्यातील तेरखेडा परिसरात उगम पावणारी तेरणा नदी पुढे ज्या तेर गावाजवळून वाहते, ते तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. सातवाहनकाळी इजिप्तच्या बंदरांशी व्यापाराने जोडलेली ही नगरी पुढे शिलाहार राजांच्या बिरुदात जाऊन बसली, आणि तेराव्या-चौदाव्या शतकांत संत गोरोबाकाकांची कर्मभूमी व समाधिस्थान झाली. स्वतःचे नाव कोरून ठेवणारा राजा आणि देवाच्या नावात स्वतःला हरवून बसणारा कुंभार, अशा दोन्ही वृत्तींच्या खुणा या एकाच खोऱ्यात सापडतात.

इजिप्शियन कल्पनेनुसार माणूस केवळ देह आणि आत्मा या दोनच घटकांचा बनलेला नव्हता. देहाबरोबर हृदय, सावली, ‘का’ म्हणजे अन्नपाण्याच्या अर्पणाने पोसली जाणारी जीवनशक्ती, ‘बा’ म्हणजे मृत्यूनंतर पक्ष्याच्या रूपाने संचार करणारे व्यक्तित्व, आणि ‘रेन’ म्हणजे नाव, या सर्वांचा मिळून माणूस होत असे. नाव हा अस्तित्वाचाच एक भाग असल्यामुळे ते उच्चारले जाईल तोवर माणूस जगतो आणि ते पुसले गेले की त्याला दुसरे व अखेरचे मरण येते, अशी श्रद्धा होती. थडग्यांवरील लेखांत वाटसरूंना मृताचे नाव घेण्याची विनवणी आढळते ती यामुळेच. देवही या नियमाला अपवाद नव्हते. एका कथेत इसिस देवी वृद्ध झालेल्या रा या सूर्यदेवाच्या लाळेपासून साप घडवते, त्याच्या दंशाने रा व्याकूळ होतो, आणि आपले गुप्त नाव सांगितल्याशिवाय त्याला विषातून सुटका मिळत नाही. ज्याच्या हाती नाव, त्याच्या हाती नामधारक, हा या कथेचा गाभा आहे.

राजाच्या नावाचे लेखन या श्रद्धेला धरूनच होई. इजिप्तच्या राजाला पाच नावांची मालिका असे, आणि तिच्यातील शेवटची दोन नावे, म्हणजे राज्यारोहणाच्या वेळी घेतलेले नाव आणि जन्मनाव, ‘कार्तूश’ नावाच्या लांबट वेढ्यात लिहिली जात. हा वेढा म्हणजे टोकाशी गाठ मारलेल्या दोरीचे चित्र होय. सूर्य आपल्या फेरीत जेवढ्या विश्वाला वेढतो तेवढ्यावर या राजाची सत्ता आहे आणि तेवढाच काळ त्याचे नाव सुरक्षित राहील, असा त्याचा अर्थ होता. जन्मनावाच्या आधी ‘रा देवाचा पुत्र’ ही पदवी येई. राज्यारोहणाचे नाव तर बहुधा एक संपूर्ण विधान असे: तिसऱ्या आमेनहोतेपचे ‘नेबमाआत्रे’ हे नाव, रा हा ‘माआत’चा म्हणजे सत्याचा व विश्वाच्या सुव्यवस्थेचा स्वामी आहे, असे सांगते. आणखी एक संकेत असा, की नावात देवाचा उल्लेख असेल तर तो उच्चारात शेवटी येत असला तरी लिहिताना सर्वांत आधी येई. अभ्यासक याला आदरार्थी क्रमबदल म्हणतात. तुतानखामुन हे नाव कोरताना ‘आमुन’ची चिन्हे आधी आणि ‘तुत-अंख’ची नंतर दिसतात ती यामुळे. राजनाम वाचणाऱ्याला डोळ्यांनी देवापासून आरंभ करून जिभेने देवापाशी थांबावे लागते. लेखनाच्या एका साध्या संकेतात राजा आणि देव यांच्या नात्याचे सगळे तत्त्वज्ञान साठवले गेले आहे.

नाव हेच जीवन असेल तर नाव खोडणे ही हत्या ठरते, आणि इजिप्तने हा निष्कर्षही अखेरपर्यंत नेला. तिसऱ्या थुतमोसच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात हात्शेप्सुत या राज्यकर्त्या स्त्रीची नावे अनेक स्मारकांवरून छिन्नीने काढण्यात आली. चौथ्या आमेनहोतेपने आतेन या सूर्यबिंबाची एकनिष्ठ उपासना स्वीकारून स्वतःचे नाव बदलून अखेनातेन केले, आणि आमुनचे नाव जिथे दिसेल तिथे खोडण्याची आज्ञा दिली. त्या मोहिमेत त्याच्या स्वतःच्या वडिलांच्या नावातील ‘आमुन’ हा भागही सुटला नाही. पुढे अबायदोस येथील मंदिरात पहिल्या सेतीने पूर्वीच्या राजांची ७६ नावांची यादी कोरवली, तेव्हा हात्शेप्सुत, अखेनातेन आणि तुतानखामुन यांना तिच्यातून वगळण्यात आले. शत्रूंची नावे मातीच्या भांड्यांवर लिहून ती भांडी विधिपूर्वक फोडण्याची प्रथा होती. तिसऱ्या रामसेसविरुद्ध कट करणाऱ्या काहींची नावे न्यायालयीन नोंदीतच मुद्दाम विकृत करून लिहिली गेली, जेणेकरून ‘रा ज्याचा द्वेष करतो’ अशा अर्थाच्या नावानेच त्यांना परलोकात वावरावे लागावे.

एवढ्या निष्ठेने जपलेली ही नावे चौथ्या शतकानंतर, लिपी जाणणारा पुरोहितवर्ग संपताच, मुकी झाली आणि सुमारे चौदाशे वर्षे मुकीच राहिली. त्यांना वाचा फुटली तीही राजनामांमुळेच. कार्तूशमध्ये राजांची नावे असावीत, असा तर्क फ्रेंच विद्वान बार्थेलेमी याने अठराव्या शतकात केला होता. १७९९ मध्ये रोझेटा येथे सापडलेल्या शिळेवर पाचव्या टॉलेमीच्या काळातील, इ.स.पू. १९६ मधील, एकच आज्ञापत्र दोन भाषांत आणि तीन लिप्यांत होते. ग्रीक भागातील ‘प्टोलेमायोस’ हे नाव चित्रलिपीच्या कार्तूशशी जुळवून इंग्रज विद्वान थॉमस यंग याने काही चिन्हांचे ध्वनी ठरवले. फिली येथील स्तंभावरील क्लिओपात्राच्या नावाने ‘प’, ‘ल’, ‘ओ’ हे ध्वनी पडताळून पाहता आले. ज्याँ-फ्रांस्वा शांपोलियों याने २७ सप्टेंबर १८२२ रोजी सादर केलेल्या पत्रात ग्रीक-रोमन काळातील राजनामे उलगडली आणि १८२४ च्या ग्रंथात तीच पद्धत प्राचीन फेरोंच्या नावांना लावून दाखवली. सूर्यबिंब, त्यापुढे ‘जन्म’ दाखवणारे चिन्ह, त्यापुढे दोनदा ‘स’: प्राचीन इजिप्शियनचे उत्तररूप असलेल्या कॉप्टिक भाषेत सूर्याला ‘रे’ म्हणतात हे त्याला ठाऊक होते, आणि त्यामुळे ‘रामसेस’ हे नाव त्याच्यासमोर उभे राहिले.

या शोधाने इजिप्शियन श्रद्धा खरी ठरली, असे वरवर पाहता वाटते. पण बारकाईने पाहिल्यास तसे म्हणता येत नाही. पहिली अडचण उच्चाराची आहे. चित्रलिपीत स्वर लिहिले जात नसल्यामुळे आजचे बहुतेक राजनामोच्चार अभ्यासकांनी सोयीसाठी बसवलेले आहेत. दुसऱ्या रामसेसचे राज्यारोहणाचे नाव आज ‘उसेरमाआत्रे’ असे वाचले जाते. समकालीन कीलाकार लिपीतील नोंदी त्याला ‘वश्मुआरिया’ म्हणतात, तर ग्रीकांनी त्याचे ‘ओझिमांडियस’ केले. उच्चाराने जगवण्याचे नाव शिल्लक आहे, पण तो उच्चारच निश्चित नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. अबायदोसच्या यादीतून वगळलेला तुतानखामुन १९२२ मध्ये त्याचे थडगे सापडल्यावर सर्व फेरोंमध्ये सर्वांत प्रसिद्ध झाला, आणि यादीत सन्मानाने बसवलेली कित्येक नावे तज्ज्ञांशिवाय कोणी घेत नाही. नावाचे टिकणे कोरणाऱ्याच्या विधीवर, वेढ्यावर वा शिळेच्या कठीणपणावर अवलंबून राहिले नाही. ते कोरणाऱ्याच्या हाती नसलेल्या एका गोष्टीवर, म्हणजे पुढे कोणी वाचणारा जन्मतो की नाही यावर, अवलंबून राहिले.

इजिप्त आणि दख्खन यांचा राजनामांच्या बाबतीत प्रत्यक्ष संबंधही आलेला आहे. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरमार्गदर्शक ग्रंथात, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचे नमूद आहे. तगराहून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचला जाई आणि तेथून जहाजांनी तांबड्या समुद्रातील इजिप्तच्या बंदरांकडे. याच ग्रंथात ‘मांबानोस’ या राजाचा उल्लेख आहे आणि बहुतेक अभ्यासक त्याला क्षहरात क्षत्रप नहपान मानतात. पुढच्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे टॉलेमी या भूगोलकाराने पैठण ही ‘सिरी पोलेमायोस’ची राजधानी असल्याचे लिहिले, हा राजा म्हणजे सातवाहन वासिष्ठीपुत्र पुळुमावी. चित्रलिपीतील पहिले ओळखले गेलेले राजनाम ज्या रूपाचे होते, जवळपास त्याच रूपात दख्खनच्या राजाचे नाव इजिप्तमध्ये ऐकू गेले होते, हा योगायोग खरा. परंतु परक्या कानात गेलेले राजनाम किती लवकर परके होते, याचाही तो पुरावा आहे.

भारतात लिपींचे कोडे सुटले तेही बव्हंशी राजनामांच्या आधारे. ख्रिश्चन लासेन याने १८३६ मध्ये भारतीय-ग्रीक राजा अगाथोक्लीस याच्या नाण्यांवर एका बाजूचे ग्रीक नाव आणि दुसऱ्या बाजूची ब्राह्मी अक्षरे जुळवून काही अक्षरे ओळखली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी वारंवार येणारा ‘दानं’ हा शब्द ओळखून उरलेली लिपी उलगडली. या दोन किल्ल्यांतील फरक लक्षणीय आहे, कारण एक किल्ली राजाच्या नावाची होती आणि दुसरी सामान्य उपासकांनी दिलेल्या दानाची. प्रिन्सेपला वाचता आलेल्या मोठ्या लेखांत राजा स्वतःला ‘देवानांपिय पियदसि’ म्हणवत होता, आणि तो अशोकच हे श्रीलंकेच्या बौद्ध इतिहासग्रंथांवरून ठरवावे लागले. ‘अशोक’ हे नाव स्पष्टपणे देणारा शिलालेख १९१५ मध्ये मस्की येथे सापडला. मस्की तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते, आणि वाशी-तेरचा परिसरही त्याच राज्यात होता. धर्माविषयी इतके लिहिणाऱ्या राजाने आपले व्यक्तिनाम जवळजवळ सर्वत्र टाळावे आणि तरीही धर्मलेखांमुळेच ओळखले जावे, ही गोष्ट इजिप्तच्या कल्पनेत बसत नाही.

सातवाहनांच्या लेखांत हा वेगळेपणा अधिक उठून दिसतो. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्याचा आरंभ धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांच्या वंदनाने होतो, म्हणजे येथेही राजाच्या आधी देवाचे नाव येते. पुढे अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे व कार्षापण नाणी यांची दीर्घ यादी आहे. त्याच लेण्यात राजा सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी आणि राजकुमार यांच्या प्रतिमा एका भिंतीवर कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव होते. प्रतिमा नष्ट झाल्या, काहींच्या पावलांचे अवशेष तेवढे उरले. नावे मात्र वाचता येतात. वेदान्तात ‘नाम’ आणि ‘रूप’ ही दृश्य जगाची दोन अंगे मानली जातात, त्यांतले रूप गेले तरी नाम राहू शकते, याचे इतके थेट उदाहरण दुसरे दाखवता येणे कठीण.

नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, तिचा दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी गातो: क्षहरातांचा निःपात करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रतिष्ठित करणारा, राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांच्या तोडीचा. तरी लेखाचे निमित्त स्तुती नसून बौद्ध भिक्षूंना दिलेले लेणे आहे. इजिप्तचा राजा जन्मनावाच्या आधी ‘रा देवाचा पुत्र’ म्हणवतो, तर सातवाहन राजा ‘गौतमीपुत्र’, ‘वासिष्ठीपुत्र’ म्हणवतो. एकाचे नाव त्याला मर्त्य कुळातून उचलून देवकुळात नेते, दुसऱ्याचे नाव त्याला एका मर्त्य स्त्रीच्या कुशीत परत आणून ठेवते, आणि त्या स्त्रीलाच पुत्राच्या कीर्तीची साक्षीदार करते. सातवाहनांना शत्रूचे नाव दाबण्याचा मोह नव्हता, असे मात्र नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या निधीत नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. परंतु ठशाखालून नहपानाचा चेहरा व अक्षरे पुष्कळदा डोकावतात, आणि एका राजाचे दुसऱ्यावरील आधिपत्य सिद्ध करणारा सर्वांत भक्कम पुरावा पराभूताच्या न पुसलेल्या नावानेच पुरवला आहे.

दख्खनच्या राजलेखांतील एक सूत्र इजिप्तच्या कार्तूशजवळ ठेवून पाहण्यासारखे आहे. मध्ययुगीन ताम्रपट व शिलालेख यांत ‘आचंद्रार्क’ हा शब्द नेहमी येतो. चंद्र-सूर्य आहेत तोवर, असा त्याचा अर्थ. काळाचे माप दोन्हीकडे सूर्यच आहे, पण त्या मापात काय ठेवले आहे, यात सगळा भेद आहे. कार्तूशमध्ये सूर्याच्या फेरीएवढे टिकावे असे जे मानले गेले ते राजाचे नाव होते. ताम्रपटात चंद्रसूर्यांएवढे टिकावे अशी जी अपेक्षा आहे ती दिलेल्या भूमीच्या उपभोगाची, म्हणजे धर्मकृत्याची. शिवाय दानपत्रांच्या शेवटी येणारे एक रूढ वचन असे बजावते, की सगरादी अनेक राजांनी ही पृथ्वी भोगली आणि ज्या वेळी ती ज्याची असेल त्या वेळी दानाचे फळ त्याचे असेल. आपल्यानंतर दुसरा राजा येणार आणि पुण्याचा वाटा त्याच्याकडे जाणार, हे राजा स्वतःच्या सनदेतच मान्य करतो. शिलाहारांची गोष्टही या दृष्टीने बोधप्रद आहे. कोकणातील आणि कोल्हापूरकडील शिलाहार ‘तगरपुराचे अधीश्वर’ असे बिरुद लावत, प्रत्यक्षात त्यांची सत्ता तगरापासून दूर होती. बिरुद टिकले, पण ते तगर कोणते हेच पुढे लोक विसरले. जॉन फ्लीट याने १९०१ मध्ये तेर म्हणजेच तगर असे दाखवून देईपर्यंत विद्वान त्यासाठी निरनिराळी गावे सुचवत होते. अर्थाला मुकलेले नाव आणि नावाला मुकलेले गाव शतकानुशतके एकमेकांपासून वेगळी राहिली.

व्यक्तिनामाविषयी भारतीय शास्त्रांचा सूर मुळातच सावध आहे. पतंजलीने महाभाष्यात शब्दांचे चार प्रकार मानले: जातिवाचक, गुणवाचक, क्रियावाचक आणि ‘यदृच्छाशब्द’, म्हणजे कोणीतरी इच्छेनुसार ठेवलेली नावे. पहिल्या तिन्हींना वस्तूत आधार आहे. चौथ्याला ठेवणाऱ्याच्या इच्छेपलीकडे आधार नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानणारे मीमांसकही वेदात दिसणारी व्यक्तिनामे कोणा ऐतिहासिक माणसांची आहेत हे नाकारतात आणि ते केवळ ध्वनिसाम्य आहे असे म्हणतात, कारण मर्त्याचे नाव नित्य शब्दात शिरले तर नित्यताच कोसळेल. बौद्धांनी हाच विचार थेट राजासमोर मांडला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला सांगतो, की ‘नागसेन’ हा व्यवहारापुरता संकेत आहे आणि त्या नावाआड कोणी कायम राहणारी व्यक्ती सापडत नाही, जसा चाके, आस, साटा यांपलीकडे रथ सापडत नाही. हा मिलिंद म्हणजे भारतीय-ग्रीक राजा मिनँडर, आणि त्याच्या द्विभाषिक नाण्यांवरील ग्रीक नाव शेजारच्या अक्षरांशी जुळवूनच एकोणिसाव्या शतकात खरोष्ठी लिपी वाचता येऊ लागली. नावामागे कोणी नाही, हे ज्या राजाने ऐकून घेतले, त्याचेच नाव एका हरवलेल्या लिपीची किल्ली ठरले. यात वाटतो तेवढा विरोध नाही. व्यवहारापुरता संकेत म्हणून नागसेनाने नावाला जी जागा दिली होती, तेवढीच जागा त्या नावाने भरून काढली.

उपनिषदांत मात्र नकाराआधी एक होकार आहे. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, की पुरुष मरतो तेव्हा त्याला काय सोडून जात नाही. याज्ञवल्क्याचे उत्तर ‘नाम’ असे आहे, आणि नाम अनंत आहे असेही तो म्हणतो. प्रसंग इथेच संपला असता तर याज्ञवल्क्य आणि इजिप्तचा पुरोहित यांचे एकमत झाले असते. पण आर्तभाग पुढे विचारतो, की वाणी अग्नीत, प्राण वायूत, डोळे सूर्यात, देह पृथ्वीत विलीन झाल्यावर तो पुरुष असतो कुठे. त्यावर दोघे सभा सोडून एकांतात जातात आणि तिथे ज्याविषयी बोलतात ते कर्म असते. नाव उरते, परंतु पुरुष कुठे आहे या प्रश्नाला नाव उत्तर देऊ शकत नाही, कर्म देते. दानाची यादी देणारा नाणेघाटचा लेख, भूमी देणारा ताम्रपट आणि सांचीचा ‘दानं’ हा शब्द या उपनिषदाच्या बाजूने उभे राहतात. छांदोग्य उपनिषद याही पुढे जाते: मातीचे सर्व पदार्थ हे वाणीने दिलेली निरनिराळी नावे आहेत आणि सत्य तेवढी माती आहे, असे उद्दालक आपला पुत्र श्वेतकेतू याला शिकवतो.

मातीचा हा दृष्टान्त तेरला केवळ दृष्टान्त राहिला नाही, कारण गोरोबाकाका तर मातीचेच काम करणारे होते. परंपरा त्यांचा काळ १२६७ ते १३१७ असा मानते. पाय चिखल तुडवत असताना मुखी विठ्ठलनाम असे आणि त्या तंद्रीत स्वतःचे मूलही पायाखाली आल्याचे त्यांना भान राहिले नाही, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. तसेच मडकी पारखण्याचे थापटणे संतांच्या डोक्यावर मारून नामदेवांचे मडके कच्चे ठरवल्याची कथाही. इजिप्तमध्ये मडक्यावर शत्रूचे नाव लिहून मडके फोडीत, म्हणजे नाव हे दुसऱ्यावर चालवण्याचे शस्त्र होते. तेरच्या कथेत मडके म्हणजे ज्याचा तो स्वतःच असतो, आणि नामाने ते भाजून पक्के व्हायचे असते. नावाचे काम येथे पूर्णपणे पालटले आहे. कार्तूशमधील नाव ज्याचे आहे त्याला जगवण्यासाठी उच्चारले जाते. विठ्ठलाचे नाव उच्चारल्याने विठ्ठलाचे काही वाढत नाही, जे बदलते ते उच्चारणाऱ्यात बदलते. राचे नाव गुप्त होते म्हणून शक्तिशाली होते. वारकऱ्यांचे नाम उघड आहे, त्याला अधिकार, जात वा लिपी लागत नाही, आणि म्हणूनच ते थोर आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की देवाचे नावही शेवटी नावच आहे. आमुन हा देवच होता, तरी त्याचे नाव छिन्नीने खोडता आले. याला वारकरी परंपरेचे उत्तर तिच्या आचरणात आहे: तिचे नाम शिळेवर नव्हे तर मुखात राहते, आणि हरी, राम, कृष्ण, विठ्ठल यांपैकी कोणतेही घेतले तरी चालते. एका विशिष्ट ध्वनीवर ज्याचे अस्तित्व अवलंबून नाही, त्याला खोडण्याची जागाच उरत नाही. दुसरा आक्षेप संतांवरच उलटतो: स्वतःला विसरण्याचा उपदेश करणारे संत अभंगाच्या शेवटच्या चरणात स्वतःचे नाव का गुंफतात, आणि या नाममुद्रेत अन् राजाच्या कार्तूशमध्ये अंतर ते काय? अंतर आहे ते असे. नाममुद्रा बोलण्याची जबाबदारी घेते, मालकी सांगत नाही. तिच्यात कधीकधी कुंभार, माळी, शिंपी असा व्यवसायही येतो, जो राजाच्या पाच नावांत कधी आला नसता. शिवाय अभंग गाणारा प्रत्येक जण ती मुद्रा उच्चारताना काही क्षण त्या संताच्या जागी उभा राहतो. कार्तूश नावाभोवती वेढा घालते, मुद्रा नावाचे दार उघडते. तरीही संतांच्या नावाने पंथ, ट्रस्ट आणि मिरवणुका उभ्या राहतात तेव्हा त्या दाराचाही वेढा होऊ शकतो, हे मान्य करावे लागते. आक्षेपात तेवढे तथ्य आहे.

नावांचा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही, हे या जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद झालेल्या शहराच्या धाराशिव या नावाला फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याचे नावही बदलले. राजनाम गावाला देणे आणि ते काढून घेणे या दोन्ही कृतींमागे नावात सत्ता वसते ही तीच प्राचीन श्रद्धा आहे. तिला अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही, कारण माणसे नावांसाठी खरोखर जगतात आणि भांडतात. पण तिच्यापाशी थांबताही येत नाही. एकाच गावावर कालांतराने अनेक नावे येतात, आणि अभ्यासकाचे कर्तव्य त्यांतले कोणतेही न खोडता सर्व वाचण्याचे असते.

सारांश असा, की नाव टिकल्याने व्यक्ती टिकते हे इजिप्तचे उत्तर त्याच्याच इतिहासाने खोटे पाडले आहे, आणि नाव म्हणजे काहीच नव्हे हे टोकाचे उत्तर नाणेघाटच्या भिंतीने खोटे पाडले आहे. नाव हे अमरत्व नव्हे. ते पुढच्या माणसावर ठेवलेले एक मागणे आहे, की हे वाच आणि या नावाने काय केले ते तपास. मागणे पूर्ण होण्यासाठी वाचणारा लागतो आणि वाचण्याजोगी शिळाही लागते. मराठवाड्यातील अनेक गावांच्या वेशीपाशी, मंदिरांच्या पायऱ्यांत आणि पारांवर वीरगळ व शिलालेख पडलेले आहेत; भक्तीने फासलेला तेल-शेंदूर, जीर्णोद्धारातला ऑइलपेंट आणि सिमेंट यांखाली त्यांतली अक्षरे बुजत आहेत. हात्शेप्सुतचे नाव खोडणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते. येथे मात्र काय पुसले जात आहे याची पुसणाऱ्याला कल्पनाही नसते. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे, की आपल्या गावातील अशी शिळा दिसल्यास तिला रंग लावू देऊ नये, जागेवरून हलवू देऊ नये, तिचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व विभागाला वा जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या अध्यापकांना कळवावे.